सांत्वनाचा अधिकार

घरात मृत्यू झाला म्हणजे समाचाराला येणाऱ्यांची जी रीघ लागते, तीत एक तरी गृहस्थ असा असतोच, की जो बैठकीवर टेकताच, पुढे केलेले पाण्याचे भांडे हाती घेण्यापूर्वीच, झाल्या गोष्टीचा हेतू सांगून मोकळा होतो. हिंदू घरात तो प्रारब्धाचा हवाला देतो, मुसलमान घरात अल्लाच्या मर्जीचा. आणि नागपूरच्या सदर किंवा सिव्हिल लाइन्सकडील एखाद्या ख्रिस्ती घरात तो, प्रभूची यात काही योजना असेल असे म्हणून, पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायाकडे बोट दाखवितो. त्या गृहस्थाच्या सद्भावाविषयी मला शंका नाही. बहुधा तो परक्या शोकाच्या सान्निध्यात स्वतःच भांबावलेला असतो, आणि भांबावलेल्या माणसाला गप्प बसणे फार जड जाते. परंतु ख्रिस्ती श्रद्धेच्या योगाने संकटातही जीवनाचे प्रयोजन सापडते, हे विधान जर खरे असेल (आणि ते खरे आहे असे माझे मत आहे), तर ते कोणी, कोणाला आणि कोणत्या हक्काने सांगावे यालाही काही मर्यादा असली पाहिजे. ती मर्यादा धर्मशास्त्राच्या पोथ्यांत शोधता येईल. पण नागपूर आणि नागपूर ही ज्याची राजधानी होती तो जुना मध्य प्रांत यांच्या गेल्या पावणेदोनशे वर्षांच्या वृत्तांतात ती अधिक स्पष्ट दिसते.

प्रथम पोथीचेच पाहू. ईयोबाचा ग्रंथ म्हणजे वस्तुतः एक दावा आहे. संपत्ती गेली, मुले गेली, अंगभर गळवे उठली, अशा अवस्थेत राखेत बसलेला ईयोब हा फिर्यादी, आणि प्रतिवादी साक्षात परमेश्वर. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे त्याचे तीन मित्र समाचाराला येतात, आणि पहिले सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ भुईवर निमूट बसून राहतात. त्यांच्या साऱ्या कामगिरीत एवढाच भाग निर्दोष आहे. आठव्या दिवसापासून त्यांची जी वाणी सुरू होते ती वीस-बावीस अध्याय ओसरत नाही, आणि तिचा मथितार्थ असा, की ज्या अर्थी तुला शिक्षा झाली आहे त्या अर्थी तुझा गुन्हा असलाच पाहिजे. तो कबूल कर, म्हणजे तुझी सुटका होईल. वकीलपत्र मिळालेले नसताना देवाची वकिली करणाऱ्या या तिघांना अखेरीस जो निकाल ऐकावा लागतो तो विलक्षण आहे. परमेश्वर वावटळीतून बोलतो. समुद्र, तारे, रानबकऱ्या, शहामृग, मगरीसारखे अक्राळविक्राळ जलचर यांची एक भव्य मालिका ईयोबापुढे उभी करतो. तुझ्यावर संकट का आले याविषयी चकार शब्द काढीत नाही. आणि शेवटी सांगतो की माझ्याविषयी यथार्थ बोलला तो माझ्याशी भांडणारा ईयोब, माझी बाजू मांडणारे तुम्ही नव्हे. ग्रंथाच्या अखेरीस ईयोबाला दुप्पट गुरेढोरे मिळाली, पुन्हा दहा मुले झाली, म्हणून सर्व काही भरून निघाले असे मानणारे वाचक मला भेटले आहेत. मेलेली दहा परत आली नाहीत, नवी दहा जन्मली. हा फरक ज्यांच्या ध्यानात येत नाही त्यांच्या घरी देवदयेने कोणी दगावले नसावे.

नव्या करारातही हेच वळण आहे. जन्मांध मनुष्य पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय फेटाळतो. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाली तेव्हाही, मेलेले इतरांहून अधिक पापी नव्हते असेच त्याने बजावले. परंतु आंधळ्याच्या बाबतीत तो आणखी एक गोष्ट बोलतो, आणि तीच समाचाराला येणारे गृहस्थ नेमकी उचलतात: देवाची कार्ये याच्या ठायी प्रगट व्हावीत म्हणून हे झाले. येथे प्रयोजन सांगितलेले आहे, यात संशय नाही. पण सांगणारा पुढच्याच क्षणी खाली वाकतो, जमिनीवर थुंकून माती कालवतो, आणि तो चिखल आपल्या हाताने त्या मनुष्याच्या डोळ्यांना लावतो. ज्याला माती कालवायची नाही त्याने ते वाक्य उच्चारू नये, एवढा बोध मला या प्रसंगातून होतो. आणि त्याच येशूने गेथशेमाने बागेत, हा प्याला टळावा अशी स्वतःसाठी विनवणी केली तेव्हा वरून काही उत्तर आल्याचे मत्तयाच्या शुभवर्तमानात नमूद नाही. वधस्तंभावरून त्याने का म्हणून विचारले, तेही अनुत्तरितच राहिले. उत्तम शुक्रवारी दुपारी बारापासून तीनपर्यंत, नागपूरच्या उन्हाळ्याची झळ दारे-खिडक्यांतून आत येत असताना, माणसे घामाघूम होऊन वधस्तंभावरील त्याच्या सात उद्गारांवरची प्रवचने ऐकतात, तेव्हा त्या उद्गारांच्या ऐन मध्यावर, चौथ्या स्थानी, हा निरुत्तर प्रश्न उभा असतो. ज्या धर्माच्या गाभ्यातच हा प्रश्न जपून ठेवलेला आहे, त्याच्या अनुयायांनी इतरांच्या प्रश्नांना तत्परतेने उत्तरे देत सुटावे, हे मला नेहमीच चमत्कारिक वाटत आले आहे.

आता नागपूरच्या वृत्तांताकडे वळू. नागपुरातील प्रॉटेस्टंट मिशनकार्याचा पाया ज्यांनी घातला ते स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाद्री १८४५ साली, भोसल्यांचे राज्य खालसा होण्याच्या नऊ वर्षे आधी, येथे आले. ते जितके उपदेशक तितकेच निसर्गाभ्यासक होते. या प्रदेशातील खडक, जीवाश्म आणि गोंडांच्या चालीरीती व गीते यांच्या नोंदी त्यांनी ज्या कसोशीने घेतल्या तिचा लाभ भूगर्भशास्त्राला आणि मानववंशशास्त्राला पुढे दीर्घकाळ झाला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी, टाकळघाटजवळची प्राचीन शिलावर्तुळे पाहण्यास गेले असता, एका शाळेची तपासणी करून परत फिरताना, पावसाने फुगलेल्या नाल्यात ते बुडाले. त्यांच्या सेहेचाळीसाव्या वाढदिवसाला चार दिवस अवकाश होता. त्यांनी गोळा केलेले गोंडांविषयीचे कागद मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली संपादून छापले, आणि १८८३ साली त्यांच्या नावाचे हिस्लॉप कॉलेज सुरू झाले. आता, कॉलेज उभे राहावे म्हणून नाल्याला पूर आला, असे कोणी म्हणाल्यास त्याला आपण वेड्यात काढू. आणि तरीही श्रद्धावंतांच्या चरित्रलेखनात या जातीची वाक्ये सर्रास आढळतात. कॉलेज उभे राहिले ते मागे राहिलेल्यांनी उभे केले म्हणून. पूर हा पूरच होता.

हिस्लॉप यांच्या मृत्यूनंतर तीन तपे लोटली नाहीत तोच मध्य प्रांतावर जे संकट कोसळले त्याच्यापुढे एका माणसाचे बुडणे म्हणजे काहीच नव्हे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ पडले, आणि १८९१ व १९०१ या दोन खानेसुमाऱ्यांच्या दरम्यान प्रांताची लोकसंख्या वाढण्याऐवजी सुमारे आठ टक्क्यांनी घटली. मालगुजारांची कोठारे आणि सरकारची तगाई दोन्ही अपुरी पडली. खडी फोडण्याच्या दुष्काळी कामांवर आणि गरीबखान्यांत माणसांचे सांगाडे गोळा झाले. आईबाप मेलेली मुले मिशनांच्या अनाथालयांत आली. अशा वेळी काही मिशनऱ्यांनी, दुष्काळाने सुवार्तेसाठी दार उघडले आहे अशा अर्थाचे लिहिले. हिंदूंच्या प्रारब्धवादावर कोरडे ओढणारी ही मंडळी, स्वतःवर वेळ आली तेव्हा अलीफजच्या शेजारी जाऊन बसली. अन्नाच्या बदल्यात धर्म दिला, या आरोपाची चौकशी करण्यासाठी जुन्या मध्य प्रदेश सरकारने नेमलेल्या नियोगी समितीचा अहवाल १९५६ साली नागपुरातूनच बाहेर पडला. त्या अहवालातील अनेक निष्कर्षांशी माझे जुळत नाही, परंतु उपाशी माणसाच्या उपासात स्वतःच्या संस्थेचे पीक पाहणाऱ्यांनी त्या आरोपाला आयते निमित्त पुरविले, हे नाकारण्यात अर्थ नाही. याउलट, बायकांसाठी आणि मुलांसाठी १८९६ साली, म्हणजे ऐन दुष्काळाच्या तोंडावर, नागपुरात म्युर मेमोरियल रुग्णालय उघडणाऱ्या डॉ. ॲग्नेस हेंडरसन यांच्यासारखी माणसेही त्याच मिशनांत होती. ती माती कालवणाऱ्यांपैकी.

पण त्या दुष्काळात मध्य प्रांतात आलेल्यांपैकी एका व्यक्तीचा अधिकार वेगळाच होता. पंडिता रमाबाई १८९७ च्या सुमारास या प्रांतात हिंडल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आपल्याबरोबर घेऊन गेल्या. गरीबखान्यांत अन्नासाठी येणाऱ्या तरुण मुलींची अब्रूही सुरक्षित नव्हती, हे त्यांनी उघडपणे लिहिले, आणि ज्यांनी ते लिहू नये असे अधिकाऱ्यांना वाटत होते त्यांत त्यांची गणना होऊ लागली. या बाईंना हे सारे कसे दिसले, याचे कारण वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या मद्रास इलाख्यात सापडते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे थोर विद्वान. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकविल्याच्या अपराधाबद्दल जनांचा रोष पत्करलेले. पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडणारे हे कुटुंब दुष्काळात सापडले. भांडी विकली, दागिने विकले. देवांना नवस, ब्राह्मणांना दाने, उपासतापास सर्व करून झाले. आणि सरतेशेवटी भीक मागण्याची लाज वाटत असल्यामुळे ही माणसे रानात शिरून अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर राहिली. अनंतशास्त्री जलसमाधीच्या गोष्टी बोलू लागले, आणि थोड्याच दिवसांत वारले. मग आई गेली. तिला उचलायला माणसे मिळेनात. मोठ्या मिनतवारीने दोन ब्राह्मण आले, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथा खांदा सोळा वर्षांच्या रमेचा. पण तिची उंची इतरांपेक्षा इतकी कमी, की तिरडीचा तो कोपरा खांद्यावर घेता येईना, म्हणून तिने तो डोक्यावर घेतला आणि स्मशानापर्यंत तशीच चालत गेली. त्यानंतर थोरली बहीण गेली, कलकत्त्याला पांडित्याचा गौरव झाल्यावर १८८० साली भाऊ गेला, आणि १८८२ साली, लग्नाला दोन वर्षेही झाली नसताना, पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. मांडीवर मनोरमा ही तान्ही मुलगी तेवढी उरली.

या बाईंना ख्रिस्ताकडे कशाने ओढले, हे त्यांनीच सांगून ठेवले आहे. दुःखाच्या कारणमीमांसेने नव्हे. इंग्लंडमध्ये वाँटेज येथील भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे चालविलेले एक गृह दाखविले, जेथे वाममार्गाला गेलेल्या स्त्रियांना आसरा देऊन माणसांत आणले जात होते. स्वदेशी अशा बायकांना शास्त्राने आणि समाजाने काय दिले होते हे रमाबाईंना तोंडपाठ होते. हे तुम्ही का करता, असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांतील एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची हकीकत वाचून दाखविली. आधी हात दिसले, मग ग्रंथ उघडला गेला; हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. पुढे केडगावचे त्यांचे मुक्तिसदन मध्य प्रांताच्या आणि नंतर गुजरातच्या दुष्काळातील मुलींनी भरले. त्या मुलींना जवळ घेताना, रानातले ते अकरा दिवस देवाने मला याचसाठी दाखविले असे रमाबाई मनाशी म्हणाल्या असतील, तर त्यांना तसे म्हणण्याचा पूर्ण हक्क होता. त्या अकरा दिवसांची किंमत त्यांनी स्वतः मोजली होती. परंतु तेच वाक्य दुसऱ्या कोणी, पोटभर जेवून, त्यांना ऐकविले असते तर ते केवळ उद्धटपणाचे झाले असते. ज्याचे जळते त्यालाच कळते, ही म्हण आपण उपहासाने वापरतो; धर्मविचारात ती पुराव्याचा कायदा म्हणून स्वीकारावी. ख्रिस्ती मंडळ्यांत साक्ष देण्याची जी प्रथा आहे, उपासनेनंतर एखादी बाई उभी राहून आपल्या आजारपणाची, आपल्या वाया गेलेल्या मुलाची कहाणी सांगते आणि प्रभूने कसे निभावून नेले ते सांगते, ती याच कारणाने मला प्रवचनाहून श्रेष्ठ वाटते. तिथे ऐकीव जबानी चालत नाही.

एकाच घटनेच्या दोन साक्षी कशा भिन्न असू शकतात याचे उदाहरण मराठी वाचकाच्या अगदी घरातले आहे. नारायण वामन टिळक नागपुरात अप्पासाहेब बुटी यांच्या पदरी संस्कृत ग्रंथांच्या कामावर होते, ‘ऋषि’ नावाचे मासिकही त्यांनी काढले. परंतु त्यांचा पाय कोठे ठरत नसे, आणि १८९३ च्या सुमारास नागपूर सोडून ते राजनांदगावला जाण्यास निघाले. आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाशी बोलणे झाले, त्याने नवा करार हाती ठेवला, आणि डोंगरावरील प्रवचनाने टिळकांना जे पकडले ते कायमचे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांच्या दृष्टीने पाहिल्यास नागपूरची अस्थिरता, तो प्रवास, तो अनोळखी सहप्रवासी, ही सारी एका योजनेची पावले. पण त्याच आगगाडीने त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या पदरात काय टाकले? नवरा जिवंत असून नसल्यासारखा, मूल जवळ आणि आधार कोठेच नाही, सोवळ्या-ओवळ्याच्या जगात अर्धवट विधवेसारखी नातलगांच्या घरची चार-पाच वर्षे. त्या काळात त्यांना जर कोणी सांगितले असते की यात प्रभूचा हेतू आहे, तर त्यांनी त्याला जे उत्तर दिले असते ते ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या कोणालाही कल्पिता येईल. त्या टिळकांकडे परत आल्या त्या आपल्या पायांनी, आणि १९०० साली ख्रिस्ती झाल्या त्याही, जातिभेदाचा विचार स्वतःच्या डोक्याने मुळापासून करून, आपल्या बुद्धीने. म्हातारपणी लिहिलेल्या त्या आत्मकथनात संकटांची रेलचेल आहे, पण संकटाचे तत्त्वज्ञान जवळजवळ नाही. बाई रडायच्या ठिकाणी हसतात, स्वतःलाही सोडीत नाहीत. १९३३ साली नागपुरात भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी याच लक्ष्मीबाई होत्या. मराठी ख्रिस्ती समाजाने धर्मज्ञान्यांना बाजूस ठेवून हा मान एका अशा स्त्रीला दिला, जिचे शिक्षण असे फारसे झालेलेच नव्हते. त्या समाजाची पारख त्या वेळी तरी शाबूत होती असे म्हणावे लागते.

या उजेडात पौलाचे ते पत्र पुन्हा वाचले म्हणजे त्याचा सूर बदलतो. देवावर प्रीती करणाऱ्यांच्या बाबतीत सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, असे म्हणणारा हा मनुष्य फटके खाल्लेला, धोंडमार सोसलेला, गलबत फुटून समुद्रात पडलेला आहे. त्याच्या देहात एक काटा होता. तो निघावा म्हणून त्याने तीनदा प्रार्थना केली आणि काटा निघाला नाही. त्या न निघालेल्या काट्यासह त्याने जो निष्कर्ष काढला तो त्याची स्वतःची साक्ष आहे, आणि त्याने तो ज्यांना लिहिला तेही छळाच्या छायेत वावरणारे होते. हे पत्र बंद्याने बंद्याला लिहावे तसे आहे. ते तुरुंगाधिकाऱ्याने वाचून दाखवायचे नाही.

आणि येथे नागपूरकराला एका आक्षेपाला सामोरे जावेच लागते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला, आणि त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या बुद्ध व धम्म यांवरील ग्रंथाच्या प्रास्ताविकात त्यांनी चार आर्यसत्यांविषयीच शंका उपस्थित केली: जन्म, जरा, मरण हे सर्वच दुःख असेल तर माणसाला आशा कोठली? त्यांच्या मते दुःखाचा मोठा भाग माणसानेच माणसाला दिलेला असतो, आणि तो निवारणे हेच धर्माचे काम. ज्या दुःखाला कर्ता आहे, त्याचे प्रयोजन विचारीत बसणे म्हणजे कर्त्याला फरारी होण्यास अवधी देणे होय. विहिरीवर पाणी नाकारणाऱ्याच्या कृत्यात ईश्वरी हेतू शोधणारी श्रद्धा ही पाणी नाकारणाऱ्याचीच चाकरी करते. हा आक्षेप ख्रिस्ती विचाराने बाहेरचा म्हणून टाळू नये. संदेष्टा आमोस आणि मरीयेचे स्तोत्र यांना तो परका नाही. वधस्तंभ हाही आकाशातून पडला नव्हता. त्याला पिलाताचा हुकूम होता, शिपायांचे हात होते, आणि जमावाचा ओरडा होता.

विदर्भातील ख्रिस्ती मंडळ्यांत आज जी कुटुंबे आहेत त्यांपैकी कितीतरी पूर्वी अस्पृश्य गणल्या गेलेल्या जातींतून आलेली आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशी बांधल्या. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या, दलित ख्रिस्त्यांना मिळाल्या नाहीत. मंडळीच्या बाकांवरही, लग्नसंबंधांतही, जुनी जात विचारली जाते ती निराळीच. या लोकांना रविवारच्या उपदेशात संकटाचे प्रयोजन पुष्कळदा ऐकविले जाते. माझी नागपूरच्या पाळकांना आणि पंचांना एवढीच विनंती आहे, की त्या विषयावरचे पुढचे प्रवचन तयार करण्यापूर्वी, आपल्या मंडळीत कोणाच्या मुलाचा जातीचा दाखला धर्मामुळे अडला आहे, कोणाची सोयरीक जातीमुळे मोडली आहे, याची त्यांनी घरोघर जाऊन चौकशी करावी, अर्ज लिहून द्यावे, कचेरीत त्यांच्याबरोबर रांगेत उभे राहावे. आणि त्यातून वेळ उरलाच, तर व्यासपीठावर त्या लोकांना बोलू द्यावे.